पॅनेल पुसण्याआधी वेळ घ्यावी

आई मार्चमध्ये गेली. जोधपूरला, घरी, दुपारी. ऊन होतं.

(जोधपूरला ऊन असतंच. पण बाबांनी मला फोनवर या दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या, म्हणून मीही तशाच लिहिते.)

आम्ही मूळचे नागपूरचे. बाबा वाळवंटी शेतीवर संशोधन करणाऱ्या एका सरकारी संस्थेत लागले, जोधपूरला गेले आणि निवृत्त झाल्यावरही तिथेच राहिले. का, असं विचारलं तर म्हणायचे, "तिथलं ऊन सोडवत नाही." नागपूरच्या माणसाने उन्हासाठी परगावी राहावं, हे आमच्या नातेवाइकांना आजतागायत कळलेलं नाही.

गच्चीवर सौर पॅनेल बसवणारे आमच्या गल्लीतले बाबा पहिले. आई म्हणाली, "लोक गच्चीवर पापड वाळत घालतात, यांनी आरसे घातलेत!" पण महिन्याभरात फ्रिज, पंप, कूलर, इस्त्री, सगळं त्या आरशांवर चालू लागलं आणि बाबांना बोलायला आयुष्यभर पुरेल असा विषय मिळाला. दूधवाला सापडो, गॅसवाला सापडो, त्याला उभं करून ते सांगत, "या शहरात बाराही महिने ऊन. घरांना सपाट गच्च्या. सावली पाडायला झाडं नाहीत, मधे ढग येत नाहीत. आणि माणसं काय करतात? त्या उन्हापासून पळून घरात येतात आणि विकतच्या विजेवर पंखा लावतात! अरे, प्रत्येक गच्ची कामाला लावली तर हे शहर दुसऱ्या शहराला वीज उसनी देईल!"

दूधवाल्याने शेवटी पॅनेल बसवले. मग गल्लीने बसवले. (आई म्हणायची, पटल्यामुळे नाही, सुटकेसाठी.)

वाळवंटात ऊन फुकट असतं, तशी धूळही फुकट असते. काल पुसलेलं पॅनेल आज पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं दिसतं. म्हणून आमच्या गल्लीत एक रीत पडली. भल्या पहाटे, काच तापायच्या आत, बादली आणि लांब दांड्याचं फडकं घेऊन गच्चीवर जायचं. गच्च्या एकमेकींना चिकटलेल्या. जो आधी उठेल त्याने आपले पॅनेल पुसून झाले की शेजाऱ्याचेही पुसायचे, कारण त्याची धूळ वाऱ्याने आपल्याकडेच येते. त्यासाठी विचारायचं नाही. विचारलं तर समोरच्याला वाटे, आपण उशिरा उठतो असं हा सुचवतोय. आई चहाचा कप घेऊन जिन्याच्या दारात उभी राहायची आणि कामाला हात न लावता देखरेख करायची. "तो कोपरा राहिला," एवढं एकच वाक्य.

आईच्या पुण्यानुमोदनाला, तिच्या आठवणीसाठी जमलेल्यांपैकी कोणीतरी बाबांचं मन रमावं म्हणून विषय काढला, "काका, तुमच्याकडे सोलर आहे म्हणे?"

बाबा म्हणाले, "हो, आहे."

पुढे काही नाही! मी आणि माझा नवरा प्रशांत एकमेकांकडे बघत राहिलो. त्या रिकाम्या घरात या माणसाला एकटं ठेवायचं नाही, हे मी त्याच क्षणी ठरवलं. अर्धं वर्ष आमच्याकडे नेदरलँड्सला, अर्धं जोधपूरला, असा बेत केला. व्हिसा एका वेळी तीन महिन्यांचा मिळत होता. म्हटलं, निदान या पहिल्या तीन महिन्यांत रुळले तर पुढचं पुढे.

बाबा आल्मेरेला, आमच्या तिथल्या गावी, आले आणि खिडकीपाशी बसले. बाहेर ढग. दुसऱ्या दिवशी ढग. आठवडा झाला, ढग.

"सुजू," एकदा त्यांनी हाक मारली.

मी धावत गेले. ते आपणहून बोलले होते!

"इथे सूर्य असतो ना?"

"असतो ना बाबा. मागे आहे."

"हं," ते म्हणाले. मग म्हणाले, "मला परत पाठव. घर धुळीनं भरलं असेल."

त्या संध्याकाळी मी प्रशांतला स्वयंपाकघरात गाठलं. प्रशांत झुइडओस्ट नावाच्या ऑफिसांच्या भागात एका कंपनीत, आयटीत आहे. आठवड्यातले काही दिवस मेट्रो-ट्रेन करत ऑफिसला जातो आणि उरलेले दिवस माळ्यावरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसतो. मी म्हटलं, "आपण छपरावर पॅनेल बसवू या."

"इथे?" त्याने खिडकीबाहेर बघितलं. पाऊस पडत होता.

"सगळी रांग बसवतेय. शेजारी योहानाने पण बसवलेत."

"सुजाता, तुझ्या बाबांना थांबवायला आपण वीजकेंद्र काढायचं?"

"हो."

प्रशांत चांगला माणूस आहे. त्याने वीजकेंद्र काढलं.

बसवणारी डच माणसं आली, एकेक बिस्कीट खाऊन कामाला लागली. बाबा खाली बागेत खुर्ची टाकून बसले. पहिला तासभर गप्प. मग उठून त्यांच्यातल्या एकाला विचारलं, "अँगल कितना रखा है?" त्याला हिंदी येत नव्हती, बाबांना डच येत नव्हतं, पण दोघांनी हवेत तळहात तिरके धरले आणि बराच वेळ वाद घातला. संध्याकाळी बाबा दोन पोळ्या जास्त जेवले. मी ताटाआड रडले आणि माझ्या हुशारीवर खूष झाले.

खूष व्हायची मी जरा घाई केली.

जोधपूरचा नियम असा, की ऊन असताना वीज वापरायची. आई मिक्सर, इस्त्री, धुणं, सगळं दुपारी काढायची. तिथे दुपार म्हणजे आठ तास सलग ऊन. आल्मेरेत ऊन येतं ते कोणीतरी चुकून दिवा लावून लगेच बंद करावा तसं! बाबांनी तोच नियम इथे लागू केला. ते खिडकीत बसून असत आणि ढग फाटला की घरभर आवाज घुमे, "ऊन आलं! मशीन लाव! मिक्सर लाव!"

मी जिना चढून माळ्यावरचं वॉशिंग मशीन लावायची, धापा टाकत खाली येऊन मिक्सर फिरवायची, तोवर, "गेलं! बंद कर, बंद कर!" आमच्या घरात त्या उन्हाळ्यात एकही कपडा सलग धुतला गेला नाही. इंडक्शनवर कुकर चढवला की वरणाच्या दोन शिट्ट्या सकाळी व्हायच्या आणि तिसरी दुपारी, दुसऱ्या ढगानंतर. चटणी तर मी हप्त्याहप्त्याने वाटत असे.

एकदा ऊन चक्क टिकलं. बाबांनी उत्साहाच्या भरात मशीन, मिक्सर, इस्त्री, इंडक्शन आणि (थंडी नसताना) हीटर एकदम लावले. फ्यूज उडाला, घर गप्प झालं. मग माळ्यावरून प्रशांतचा आवाज आला, "मी क्लायंटसमोर बोलत होतो!"

"काहून, ऊन तर आहे!" बाबा खालून म्हणाले.

तरी मला हे सगळं गोड लागत होतं. बाबा बोलत होते, ओरडत होते. परत जायचं नाव नव्हतं. मग एका दुपारी त्यांना छपरावर सीगल दिसला.

"घाण करतात हे पक्षी. पॅनेल धुवायला पाहिजेत."

"इथे धुवावे लागत नाहीत बाबा. पाऊस धुतो."

बाबांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. "पाऊस धुतो का भिजवतो?"

मला उत्तर सुचलं नाही. (मला उत्तर नेहमी रात्री झोपताना सुचतं. मी लहानपणापासून पुस्तकात डोकं घालून बसणारी मुलगी. मोठ्याने बोलायची वेळ आली की माझा आवाज घशातच चौकशी करत थांबतो.)

उन्हाळ्यात इथे पहाटेच लख्ख उजाडतं. अशाच एका सकाळी मला डोक्यावर पावलं ऐकू आली. पावलं आमच्या बेडरूमवर होती. मग ती डावीकडे सरकली. मग ती आमच्या घराच्या बाहेर गेली!

आमची रांगेतली घरं, सपाट छपरं एकमेकांना जोडलेली. मी उठले. प्रशांतच्या कानात बोळे होते. मी गाऊनवर त्याचा पिवळा सायकलीचा रेनकोट चढवला आणि माळ्यावर गेले. वॉशिंग मशीनचा नळ चालू, छपरावर जायची झडप उघडी, शिडी लावलेली. मी वर डोकं काढलं.

बाबा मानेला मफलर गुंडाळून योहानाचे पॅनेल पुसत होते. आमचे चकचकीत झाले होते.

"बाबा! खाली या! ते आपले नाहीत!"

"माहीत आहे. आपले झाले. हिचे फार घाण आहेत."

"असं न विचारता..."

"विचारू कशाला? झोपली असेल बिचारी."

मी छपरावर चढले. मागे वाऱ्याने झडप धाडकन मिटली. तिला बाहेरून कडी नाही, मूठ नाही, काहीच नाही. मी तिच्यावर थापा मारल्या. खाली प्रशांत कानात बोळे घालून निवांत झोपला होता आणि माझा फोन त्याच्या उशाशी होता.

"बरं झालं आलीस," बाबा म्हणाले. "ती बादली दे."

माझ्या अंगावर गाऊन, त्यावर पिवळा रेनकोट, पायात काही नाही. समोरच्या रांगेतल्या एका घरात पडदा हलला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय बोलावं सुचेना म्हणून माझ्या तोंडातून निघालं, "बाबा, तो कोपरा राहिला."

बाबांचा हात थांबला. ते पाठमोरे उभे होते. वारा होता, मफलरचं टोक उडत होतं. मग त्यांनी वाकून तो कोपरा पुसला. खूप वेळ पुसला.

हे इथेच संपलं असतं तर बरं झालं असतं. पण बाबांनी नाक ओढलं, बादली उचलली आणि तिसऱ्या घराकडे निघाले.

"नाही!" मी बादली पकडली.

"सोड गं."

"तुम्ही सोडा!"

"सुजू, अर्धी रांग धुणं बरं दिसतं का?"

मी माझ्या आयुष्यात कोणाशी झटापट केलेली नाही. त्यामुळे समोरच्याने अचानक सोडलं तर काय होतं, याचा मला अनुभव नव्हता. बाबांनी सोडलं. मी बादलीसकट मागे गेले आणि बादलीतलं सगळं पाणी माझ्या मागच्या उघड्या छतखिडकीतून योहानाच्या बेडरूममध्ये गेलं.

खालून जो आवाज आला त्याला कोणत्याही भाषेचं व्याकरण नव्हतं.

मग त्या खिडकीतून, पलंगावर उभ्या राहिलेल्या योहानाचं डोकं वर आलं. निवृत्त शिक्षिका, कुंपणावर आमची वेल तिच्या बाजूला वाकली तर चिठ्ठी टाकणारी बाई. पांढरे केस कपाळाला चिकटलेले. मी डच परीक्षा चांगल्या गुणांनी पास झाले आहे. परीक्षेत 'डॉक्टरांची वेळ बदलून घ्या' असा प्रश्न होता. 'वडील छपरावर आहेत आणि तुम्ही शेजारणीवर पाणी ओतलं आहे' असा नव्हता. पण संभाषणाची सुरुवात अभिवादनाने करावी हे मला पक्कं आठवलं.

"सुप्रभात, योहाना," मी डचमध्ये म्हटलं.

ती पाणी निथळत माझ्याकडे बघत राहिली. मग बाबांकडे. मग पॅनेलकडे.

"सुजाता," ती म्हणाली, "आपली आज वेळ ठरली होती का?"

"नाही."

"मलाही तसंच वाटलं."

"गुड मॉर्निंग मॅडम!" बाबा पुढे झाले. "युअर पॅनेल व्हेरी डर्टी. नाउ फुल करंट!"

योहानाची ती खिडकी हवेपुरती वीतभर उघडणारी. तिच्यातून कोणी आत जाणं शक्य नव्हतं. मी तिला प्रशांतला उठवायला सांगणार, इतक्यात अग्निशमन दलाची लाल गाडी गल्लीत वळली. समोरच्या पडद्यामागच्या माणसाने एक म्हातारा छपराच्या कडेला उभा असलेला बघितला होता आणि त्याला वाटायचं ते वाटलं होतं.

गाडीची शिडी वर आली. टोकाच्या पाळण्यात एक उंच जवान होता. त्याने हेल्मेट काढलं आणि अगदी हळू आवाजात मला विचारलं, "हे तुमचे वडील आहेत का?"

"हो."

"ते दुःखी आहेत का?"

मला खोटं बोलता येत नाही. आणि इतक्या महिन्यांत हे मला कोणी इतकं सरळ विचारलंही नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "खूप."

त्याने खाली खूण केली. खाली आणखी एक गाडी येऊन थांबली आणि तिच्यातून गळ्यात ओळखपत्र घातलेली एक प्रेमळ चेहऱ्याची बाई उतरली.

"ते उडी मारण्याचा विचार करत आहेत का?" जवानाने विचारलं.

"नाही नाही! ते पॅनेल पुसत आहेत."

"कोणाचे?"

"हिचे," मी खिडकीतल्या डोक्याकडे बोट दाखवलं.

"मी त्यांना सांगितलं नव्हतं," डोकं म्हणालं.

जवानाने हेल्मेट परत डोक्यावर घातलं. त्याच्या प्रशिक्षणातही हा प्रश्न नसावा. तेवढ्यात बाबांची नजर शिडीवरून उतरत खालच्या गाडीवर गेली आणि त्यांचा चेहरा उजळला. "सुजू, त्याला विचार. एवढं पाणी आणलंच आहे तर राहिलेली रांग पाइपने मारून देतील का?"

"बाबा, मी हे विचारणार नाही."

"विचार तर. नाही म्हणाले तर राहिलं."

मी विचारलं. (मी आज्ञाधारक मुलगी आहे. शिवाय वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने सोपं होतं.)

"नाही, मेनेर," जवान बाबांना अदबीने म्हणाला. (मेनेर म्हणजे साहेब.)

आम्हाला पाळण्यातून खाली उतरवलं. सगळी गल्ली नाइटगाऊनमध्ये दारात उभी होती. कोणी हसलं नाही. इथले लोक असं तोंडावर हसत नाहीत, दार लावून घेतात आणि मग हसतात. प्रेमळ बाई बाबांशी इंग्रजीत बोलली. ते तिच्याशी अर्धा तास पॅनेल, ऊन आणि सपाट गच्च्या या विषयावर बोलले. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मला स्वतःचं कार्ड दिलं.

एवढ्यात आमचं दार उघडलं आणि प्रशांत कानातले बोळे काढत बाहेर आला. लाल गाडी, शिडी, जमाव आणि त्याचा रेनकोट घातलेली अनवाणी मी. "काय जळलं?" त्याने विचारलं.

थोड्याच वेळात पाऊस आला. साधासुधा नाही, डच लोकसुद्धा खिडकीशी येऊन बघतात तसला. बाबा माळ्यावरच्या शिडीवर चढून झडपेच्या फटीतून बघू लागले. मी चहा घेऊन गेले. पाणी छपरांवरून लोटत होतं. आमचे पॅनेल, योहानाचे, तिसऱ्या घराचे, टोकापर्यंतची सगळी रांग, कोपऱ्याकोपऱ्यासकट धुऊन निघत होती.

बाबा बघत राहिले.

"धुतो की," ते म्हणाले.

"मी म्हटलं होतं तुम्हाला." इतका मूर्खपणा मी आधी कधी केला नव्हता.

"बरोबर आहे तुझं. इथे माणूस लागतच नाही." त्यांनी चहाचा घोट घेतला. "सुजू, माझं तिकीट अलीकडच्या तारखेचं कर."

"बाबा, तिथे कोणी नाही आता."

"म्हणूनच तर. पॅनेल कोण पुसणार? गल्लीतली माणसं माझी गच्ची पुसत असतील बाप्पा, रोज. किती दिवस पुसतील?"

मी खूप मुद्दे मांडले. इथले डॉक्टर, इथली हवा, रिकामं घर, एकट्याचं जेवण. मी मुद्दे चांगले मांडते. बाबांनी सगळे ऐकले आणि म्हणाले, "हे सगळं खरं आहे. पण सकाळी उठून मी इथे काय करू?"

याचं उत्तर मला त्या रात्री झोपतानाही सुचलं नाही.

योहाना दोन दिवसांनी दारात आली. गादी वाळल्याचं तिने सांगितलं. मग बाबांकडे बघत म्हणाली, "त्यांना सांग, काम स्वच्छ होतं. पुढच्या वेळी आधी वेळ घ्या." मी भाषांतर केलं. बाबांनी तिला जोधपूरला यायचं आमंत्रण दिलं. तिने डायरी काढली आणि विचारलं, कधी? मला वाटतं, ती जाईलही.

स्किपॉल विमानतळावर बाबांनी सुरक्षेच्या रांगेत उभ्या असलेल्या एका गुजराती गृहस्थाला पकडलं. "तुमच्या घराला गच्ची आहे?" एवढं मला काचेपलीकडून ओठांवरून कळलं. पुढचं मला पाठ होतं. ते आत गेले तेव्हा तो माणूस मान डोलवत होता आणि बाबांचा मागे वळून हात करायचा राहून गेला.

तेव्हा हिशेब असा. बाबांना थांबवायला मी आल्मेरेत पॅनेल बसवले आणि त्या पॅनेलनीच त्यांना परत जायचं कारण दिलं. बाबा जोधपूरला आहेत, पहाटे गच्चीवर असतात. मी रोज संध्याकाळी फोन करते. ते विचारतात, "आज किती?"

हिवाळा आहे. काल आमच्या छपराने दिवसभरात जेवढी वीज केली, तिच्यात चहाचं आधणसुद्धा नीट येणार नाही. मी खरा आकडा सांगते.

बाबा हसतात. मग मीही हसते. मग ते फोन ठेवतात.